मानेवरची रेघ

शमीमचं व्हिडिओवर रोज तेच:
"मान घासत जा हो नीट, मळ साचलाय."
घासली. काथ्याने घासली, लिंबाने घासली,
बकाल्यातून वजरी आणून रक्त येईस्तोवर घासली.
रेघ तशीच. काळी, मखमली,
कॉलरच्या आत ठाण मांडून.

डॉक्टर लीना कुरियननी मान पाहिली,
कमरेला टेप गुंडाळला,
उपाशीपोटी रक्त घेतलं, आणि आठवड्याने कागद बघत म्हणाल्या,
"परकार, हा मळ नाही.
साखर अजून काठावर आहे. पण इन्सुलिन
हवं त्याच्या तिप्पट."
म्हटलं, मग वजन का हलत नाही?
दोन महिने रात्रीचा भात सोडलाय,
कोरडा खुबूस नि चहा.
दीड किलो गेलं, ते ईदला परत आलं,
सोबत आणखी एक घेऊन.

"काम काय करता?"
हारिस. फहाहील. आठ मजले, बत्तीस फ्लॅट.
अठरा वर्षं त्याच खुर्चीत.
"मग कळेल तुम्हाला," म्हणाल्या,
आणि पुढचा नंबर पुकारला.

कळलं ते त्याच रात्री.
साडेनऊला डिलिव्हरीवाल्यांची रांग,
मी इंटरकॉम दाबत होतो.
नवं बिऱ्हाड पहिल्या बेललाच खाली उतरतं.
जुनी माणसं टीव्हीचा आवाज वाढवतात.
मग दोनदा दाबतो, चारदा, बोट ठेवूनच देतो,
आणि बेलची सवय झालेलं घर
आणखीच बहिरं होतं.
खोकी लॉबीत साचतात. पाय ठेवायला जागा उरेना
की मी ती तळघरातल्या कोठारात लोटतो.

पोटावर हात ठेवला.
हेही कोठारच. फक्त याची रीत वेगळी:
वर बेल वाजत असेतो आत घेणार,
बाहेर चिमूटभर सोडणार नाही.
वरची घरं उपाशी, खाली माल पडून,
आणि मधे मी, खुबूस मोडत.

बहिरी कुणी केली ही दारं?
रात्रपाळीने? दुपारच्या तुटक झोपेने?
अश्रफच्या करकने, डब्यातल्या दुधाचा, दिवसाला सात कप?
पाचव्या मजल्यावरच्या मचबूसच्या थाळीने,
जी परत पाठवणं म्हणजे माणूस परत पाठवणं?
का अब्बांच्या साखरेने,
जी दाभोळहून माझ्याबरोबर आली, व्हिसाशिवाय?

जुलैत लिफ्ट तीन दिवस बंद पडली.
उम्म फैसलचे पाण्याचे कॅन सातव्यापर्यंत खांद्यावर.
मांड्या पेटल्या. चौथ्यावर बसलो आणि उगाच हसू आलं.
हे सांगितलं तेव्हा डॉक्टर पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकल्या:
"चालत्या स्नायूला बेल लागत नाही, परकार.
तो मागच्या दाराने स्वतःच माल उचलतो."

तेव्हापासून जेवलो की उठतो.
बाहेर रात्रीही भट्टी, म्हणून तळघरात,
झोपलेल्या गाड्यांभोवती वीस फेऱ्या.
चपलेचा आवाज छताला लागून परत येतो,
जणू मागून कुणीतरी चालतंय.
चार महिन्यांत सव्वादोन किलो. चेष्टाच.
पण पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडावं लागलं,
आणि कागदावरचा तो आकडा
तिपटीवरून दुपटीवर आला.

रेघ आहे अजून.
काल शमीम म्हणाली, "फिकी वाटतेय जरा. घासलीत ना?"
आणि फोन भिंतीला टेकवून, ओढणी मागे टाकून
शेगडीवरचं भांडं उतरवायला वाकली.
तिच्या मानेवर, अंबाड्याखाली,
तीच रेघ.

घास, असं मी म्हणालो नाही.
म्हटलं, उद्या सकाळी चहा घेऊ नकोस.
"का?"
काही खाऊही नकोस.
दापोलीची पहिली एसटी किती वाजता असते?